क्रिबेन्सिसची दुसरी बॅच, यावेळी माद्या हव्यात

सेटअप तोच आहे, दोन बाय एक बाय सव्वा फुटाची टँक, साधारण 70 लिटर पाणी, स्पंज फिल्टर, बारीक वाळू, आणि आत क्रिबची (क्रिबेन्सिस, पश्चिम आफ्रिकेतला सिक्लिड कुळातला छोटा मासा) एकच जोडी. पहिली बॅच गेल्या जुलैची. 38 पिल्लं जगली, डिसेंबरात दीड-पावणेदोन इंचाची झाली तेव्हा दोन संध्याकाळी टँकसमोर बसून एकेक पिल्लू बघितलं, तर 31 नर, 4 माद्या आणि तिघांचं नक्की सांगता येईना.

ओळखताना नुसत्या लाल पोटावर जाऊ नका. क्रिबच्या नराच्या पोटावर पण गुलाबी छटा येते, आणि याच कारणाने मला सुरुवातीला एका दुकानातून "जोडी" म्हणून दोन नर मिळाले होते, महिनाभर नुसती मारामारी. मी आता आधी फिन्स बघतो. नराची पाठीवरची फिन आणि खालची एनल फिन मागे लांब टोकदार होत जाते, शेपटीचा मधला भाग जरा बाहेर आलेला असतो, अंग लांबट. मादी आखूड आणि भरलेली, फिन्सची टोकं गोलसर, पाठीच्या फिनवर सोनेरी चमक आणि पोट एकदम पिकलेल्या करवंदासारखं जांभळट लाल. दीड इंचाच्या आत नक्की सांगायला जाऊ नका, चुकतं.

आता 31 नर का, तर पाणी. आपल्याकडे पुण्यात खडकवासल्याचं नळाचं पाणी खूप सॉफ्ट, माझ्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे) 80 च्या आसपास येतो, म्हणजे पीएच धरून ठेवायला त्यात फारसं काही नसतंच. त्यात मी ड्रिफ्टवूड टाकलेलं आणि सोसायटीच्या गेटपाशी जे देशी बदामाचं झाड आहे त्याची वाळलेली पानं मूठभर, त्यामुळे पीएच उतरत उतरत 5.4 ला गेला आणि पाणी छान चहासारखं दिसतंय म्हणून मी खूशच होतो. पण क्रिबमध्ये पिल्लांच्या पहिल्या महिन्यात पाणी आम्लधर्मी असेल तर नर जास्त होतात आणि न्यूट्रलच्या (पीएच 7) जवळ असेल तर माद्या वाढतात, यावर अभ्यास झालेले आहेत. मला हे आधी माहीत असतं तर चार माद्यांवर पिल्लं वाटायची वेळ आली नसती, ज्याला त्याला जोडीच हवी असते.

म्हणून यावेळी बदललं ते फक्त पाणी. जोडी तीच, हीटर 26 वर तसाच, कारण काही सिक्लिडमध्ये, विशेषतः अपिस्टोग्रामा या छोट्या सिक्लिडमध्ये, तापमानाने पण नर-मादीचं प्रमाण फिरतं आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळणार नाही. बदामाची पानं काढली, आणि पाणी बदलताना पाव भाग सोसायटीच्या बोअरचं पाणी मिसळायला लागलो, एकदम नाही, दोन-अडीच आठवडे हळूहळू. पीएच 6.9 वर येऊन स्थिर झाला.

गुहेसाठी आधी नारळाची करवंटी होती, ती मादीला फारशी आवडायची नाही. संक्रांत झाल्यावर आईने एक सुगड दिलं, हळदीकुंकू घासून काढलं, दोन दिवस पाण्यात भिजवलं आणि वाळूत आडवं अर्धं गाडलं. दुसऱ्याच दिवशी मादी आतली वाळू तोंडात भरभरून बाहेर आणून टाकत होती. मग नरासमोर येऊन अंग धनुष्यासारखं वाकवायची, पोट त्याच्याकडे करून थरथरायची आणि लगेच सुगडात शिरायची, हे मी किती वेळ बघत बसलो माहीत नाही, जेवण गार झालं.

अंडी सुगडाच्या आत वरच्या बाजूला चिकटवलेली, टॉर्चने एकदाच बघितलं, नंतर हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी फुटली, आठव्या दिवशी मादी सगळी पिल्लं घेऊन बाहेर. अंदाजे 60. मध्येच गुरुवारी चार तास लाईट गेली तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप होता म्हणून निभावलं, पिल्लं असताना तो घरात हवाच.

खायला ताजे ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव), त्यांची अंडी दोन बाटल्यांत आलटूनपालटून लावतो, थंडीत फुटायला 36 तास लागतात. उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नका, एवढ्याशा टँकमध्ये पाणी लगेच खराब होतं.

काल बघितलेली गोष्ट सांगतो. मी काचेजवळ वाकलो, सावली पडली, मादीने फिन्स झटकन हलवल्या आणि सगळीच्या सगळी पिल्लं वाळूवर बसून गप्प झाली, रंग असा की वाळू कुठली आणि पिल्लू कुठलं कळेना. मी मागे सरकल्यावर मिनिटभराने परत चरायला लागली. एक एकटंच जावा फर्नच्या (पाण्यातलं झाड) मागे राहिलं होतं, ते नराने तोंडात घेऊन आणलं आणि घोळक्यात सोडलं.

आज पोहायला लागल्याचा 17 वा दिवस, पीएच 6.9, दर दोन दिवसांनी 10 टक्के पाणी बदलतोय आणि तेच मिश्रण घालतोय. महिना उलटेपर्यंत यात काहीही बदल करणार नाही. मोजणी जुलैमध्ये, आकडे इथेच टाकतो.