कवळी काढून ठेवणारा म्हातारा

कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावातून पश्चिमेकडे निघालं की व्हिटनी पोर्टल रोडला उजवीकडे ‘मूव्ही रोड’ फुटतो. डांबर लवकरच संपतं आणि गाडीमागे धुरळा उठायला लागतो. एकावर एक रचल्यासारखे गोलमटोल तांबूस खडक बघून मला हंपीच आठवली. फक्त इथे मागे ४,४२१ मीटरचा माउंट व्हिटनी उभा. लॉस एंजेलिसहून साडेतीनशे किलोमीटर गाडी हाकून भाचा वैतागला होता.

“मावशी, इथे लोक काउबॉयपटांचा नायक जॉन वेन याच्यासाठी येतात. तू कुणासाठी आलीयस?”

“गॅबी हेजसाठी. त्याच चित्रपटांत नायकाच्या मागे कुरकुरत घोडा दामटणारा दाढीवाला.”

आपल्या तमाशात सोंगाड्या नसेल तर राजाचं बोलणं कोण ऐकून घेईल? इथेही तेच. १९३५ साली हॉपलाँग कॅसिडी या काउबॉय नायकाच्या पहिल्या चित्रपटाचं शूटिंग याच खडकांत, म्हणजे अलाबामा हिल्समध्ये झालं. त्यात हेज ‘अंकल बेन’ झाला आणि मेलाही. पुढे त्यालाच ‘विंडी’ म्हणून परत आणलं. १९३९ मध्ये पैशांवरून बिनसलं, हेज पॅरामाउंट स्टुडिओ सोडून रिपब्लिक स्टुडिओकडे गेला. ‘विंडी’ हे नाव जुन्या स्टुडिओकडेच राहिलं, म्हणून तो ‘गॅबी’ झाला. अर्थ दोन्हींचा एकच, बडबड्या! मग गाणारा काउबॉय रॉय रॉजर्सबरोबर कितीतरी चित्रपट.

मला मात्र पडद्यामागचा माणूस जास्त आवडतो. जन्म १८८५, न्यूयॉर्क राज्यातला. व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदांच्या खेळांच्या रंगमंचावर पैसा केला आणि १९२८ मध्ये, त्रेचाळिशीतच, निवृत्त झाला. दुसऱ्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि पुंजी गेली. बायको ऑलिव्हने कॅलिफोर्नियाला जायचा हट्ट धरला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर गडी घोड्यावर बसायला शिकला! जॉन वेनच्या स्वस्तातल्या चित्रपटांत कधी नायिकेचा बाप, कधी चक्क खलनायक. घरी सुटाबुटातला, वाचनाचा नाद असलेला गृहस्थ. कॅमेऱ्यापुढे जाताना कवळी काढायची, की झाला बोळका गॅबी. गंमत म्हणजे काउबॉयपट त्याला स्वतःला फारसे आवडत नसत.

गावातल्या वेस्टर्न चित्रपटांच्या संग्रहालयात ‘जँगो अनचेन्ड’मधली दंतवैद्याची घोडागाडी ठेवलीय. तिच्यापुढे उभी राहून मी एकटीच हसत सुटले. भाच्याला कारण सांगितलं, तेव्हा कुठे त्याचा वैताग उतरला.

परतल्यावर त्यानेच मला हॉलिवूडच्या, कलाकारांच्या नावांचे तारे जडवलेल्या पदपथावर नेलं. हेजच्या नावाचे तिथे दोन तारे आहेत. हॉलिवूड बुलवार्डवरचा रेडिओसाठी, व्हाइन स्ट्रीटवरचा टीव्हीसाठी. भाचा वाकून दुसऱ्या ताऱ्यावरचा छोटासा टीव्ही बघत म्हणाला, “आणि सिनेमाचा कुठेय?”

सिनेमाचा नाहीच.