रत्नागिरी ते परळ, सायकलवर : मदत मागण्याचा माझा अनुभव

कर्करोग झालेल्या मुलांच्या कुटुंबांना मुंबईत राहता यावं म्हणून आम्ही सायकल राईडमधून वर्गणी गोळा करत होतो. पहिली देणगी आली तीच अट घेऊन. ‘पाच हजार पाठवतोय, पण ते पोरांच्या औषधालाच गेले पाहिजेत, बाकी कुठे नकोत.’ पुढच्या आठवड्यात अशाच अर्थाचे निरोप एकामागून एक येत राहिले. आम्हाला पैसे हवे होते ते नेमके ‘बाकी कुठे’साठी. म्हणजे खोलीच्या भाड्यासाठी, तिकिटासाठी, शिध्यासाठी.

बेत असा होता. रत्नागिरीहून सागरी मार्गाने मांडव्यापर्यंत सायकलने जायचं, तिथून रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि शेवटचे काही किलोमीटर परळपर्यंत. परळला टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय आहे. १९४१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडे ‘परळला नेलंय’ एवढं म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही. कर्करोग झालेल्या मुलांच्या आईबापांची राहण्याची सोय करणारी एक छोटी संस्था त्या भागात काम करते. तिच्यासाठी आम्ही निघालो होतो. आम्ही म्हणजे कॉलेजच्या ऑफिसात काम करणारी मी, एक दंतवैद्य, महावितरणचे एक इंजिनीअर, एसटीचे एक कंडक्टर आणि चार-पाच कॉलेजची पोरं, जी मला ताई म्हणतात आणि प्रत्येक चढावर मागे टाकतात.

औषधाचं काय, हे मला संस्थेतल्या समाजसेविका बाईंनी नीट समजावलं. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, रुग्णालयाचा समाजसेवा विभाग आहे, मोठे न्यास आहेत. धावपळ होते, कागद लागतात, पण मुलाच्या उपचाराचा बराचसा भार कुठून ना कुठून उचलला जातो. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात आणि योग्य उपचार पुरे झाले तर त्यातली बरीच मुलं बरी होतात. पण ते पुरे व्हावे लागतात. सुरुवातीच्या महिन्यांत केमोनंतर, म्हणजे कर्करोगाची औषधं दिल्यावर, मुलाचे काउंट खाली येतात, म्हणजे पांढऱ्या पेशी इतक्या कमी होतात की साधा ताप जिवावर बेतू शकतो. रात्री दोनला अंग तापलं तर सकाळची वाट बघून चालत नाही. मग गुहागरच्या पोराला घरी कसं पाठवणार? ते वॉर्डात दाखल नसतं, पण गावीही जाऊ शकत नाही. त्याला रुग्णालयाजवळ स्वच्छ खोली आणि घरी शिजवलेलं अन्न लागतं. मुंबईत ही खोली हाच खरा खर्च. ती मिळाली नाही तर फुटपाथ आहेच. परळच्या फुटपाथवर तोंडाला मास्क लावलेली मुलं घेऊन बसलेली कुटुंबं अनेकांनी पाहिली असतील.

त्यात आई मुलापाशी अडकते, बापाची मजुरी बुडते, आणि गावी आजीकडे ठेवलेलं दुसरं पोर शाळा चुकवायला लागतं. मग एके दिवशी कुटुंब उपचार अर्ध्यावर टाकून गावी परततं. औषध फुकट असूनही. बाईंचं हे वाक्य मी जसंच्या तसं आमच्या आवाहनात टाकलं आणि त्याखाली सरळ लिहिलं, ‘हे पैसे औषधाला जाणार नाहीत.’ ग्रुपमधल्या पोरांना वाटलं, संपलं आता, कोण देणार. देणाऱ्यांनी दिले. काहींनी आधीपेक्षा जास्त दिले, कारण भाड्याचा आकडा प्रत्येकाला कळतो. केमोच्या बिलाचा कळत नाही.

पैसे घ्यायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. माझ्या खात्यावर घ्यायचे नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. एक तर लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ क आडवं येतं. गणपती मंडळं ज्याच्याखाली वर्गणीच्या परवानगीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करतात तेच हे कलम. आणि दुसरं म्हणजे, माझ्या खात्यात आलेल्या पैशाची ८० जी ची, म्हणजे प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी पावती कोण देणार? म्हणून क्यूआर कोड थेट संस्थेच्या खात्याचा घेतला आणि तोच जर्सीच्या पाठीवर छापला. स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव दिसतं. ही गोष्ट छोटी वाटते, पण चहाच्या टपरीवरचा अनोळखी माणूस त्या नावावरच विश्वास ठेवतो. आमच्यावर कशाला ठेवेल?

८० जी चा मात्र लोकांनी पिच्छा पुरवला. रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर वजावट नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर मुळातच नाही. संस्था प्रमाणपत्रासाठी तुमचा पॅन मागते. हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी व्हॉट्सॲपवर तयार मजकूरच ठेवला. आमची एक मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिचा पासपोर्ट अजून भारतीय, नवरा मात्र अमेरिकन नागरिक. तिने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे चालतात. त्याचे आले तर ती परदेशी देणगी ठरते, आणि आमच्या संस्थेकडे परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरएची नोंदणी नाही. दोघांचं खातं एकच निघालं. ‘आता काय नवऱ्याचे पैसे वेगळे करून ठेवू?’ असं ती वैतागून म्हणाली. शेवटी तिने इथल्या आपल्या एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या रुपयातल्या खात्यातून, दिले.

एका कंपनीने जेवढे जमतील तेवढेच स्वतःचे घालायची तयारी दाखवली होती. अट एकच, मुलांसोबत बॅनर धरून फोटो. केस गेलेली मुलं असतील तर बरं, असंही त्यांच्या माणसाने सूचित केलं. आम्ही नाही म्हणालो. इंजिनीअरसाहेबांना ते पैसे सोडताना जिवावर आलं, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता आलं नाही. तेवढ्यात दोन-तीन कुटुंबांचं वर्षाचं भाडं निघालं असतं. तरीही आजारी पोराचा चेहरा भाड्याने द्यायचा नाही, यावर बाकी सगळे ठाम होते. आमचा मुक्काम, खाणं, टायर-ट्यूब, सामानाची गाडी हे सगळं ज्याने त्याने खिशातून भरायचं, हेही आधीच ठरवलं. वर्गणीतून जर्सी शिवणाऱ्या राईड मी पाहिल्या आहेत; माणसं नंतर तेच लक्षात ठेवतात.

आणि मग प्रत्यक्ष रस्ता. नकाशावर तो समुद्राच्या कडेने सपाट दिसतो. आरे-वारेचा पहिला चढ लागेपर्यंत हा समज टिकतो. त्यानंतर प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेश्वीहून बागमांडला, दिघीहून आगरदांडा, सगळीकडे जंगलजेटी, म्हणजे माणसांसोबत गाड्याही पलीकडे नेणारी बोट. दाभोळला बोटीतून उतरून दापोलीच्या दिशेने जो चढ सुरू होतो, तिथे कंडक्टरसाहेबांनी सायकल हातात धरली आणि शांतपणे चालू लागले. ‘एसटी पण इथे पहिल्या गिअरवर येते,’ एवढंच बोलले.

पण मला ती सफर लक्षात राहिली ती बोटींमुळे. बोट सुटायची वाट बघत बसलेल्या माणसाला गप्पा मारायच्याच असतात, आणि पाठीवर ‘परळ’ लिहिलेलं असलं की तो येतोच. दाभोळच्या बोटीत एका बाप्याने विचारलं, वर्गणी किती द्यायची म्हणून नाही, तर ‘तिकडे राहायला कुठे मिळतं?’ त्याच्या शेजाऱ्याच्या मुलीला पुढच्या आठवड्यात न्यायचं होतं. मी ग्रुपसाठी एक अर्धं पान छापून आणलं होतं. ते त्याला दिलं. त्यात दादरची गाडगे महाराज धर्मशाळा होती, परळची नाना पालकर स्मृती समिती होती, मुलांसाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं होती. रेल्वेची सवलतही लिहिली होती : उपचाराला जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपरचं तिकीट माफ, सोबतच्या एका माणसाला तीन चतुर्थांश सूट, त्यासाठी रुग्णालयाच्या प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना. रेशन कार्ड आणि आधार मूळ प्रत सोबत ठेवा. पोचल्यावर आधी समाजसेवा विभागात जा, सावकाराकडे नंतर जाता येईल. त्या बाप्याने कागद दोनदा वाचला, घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाला, ‘आई नि बाप दोघं गेले तर?’ मी म्हटलं, दुसऱ्याला पूर्ण तिकीट. मग त्यानेच हिशेब मांडला, बाप तुतारी एक्स्प्रेसने पुढे जाईल, दादरला सकाळी उतरेल, जागा बघेल, आई पोरीला घेऊन मागून येईल.

त्यानंतर आम्ही त्या कागदाच्या झेरॉक्स वाटेत दोन ठिकाणी काढल्या. श्रीवर्धनच्या दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, उलट दहा प्रती गल्ल्यापाशी ठेवून घेतल्या. मला आता वाटतं, किनाऱ्यावरच्या गावांत आमच्या सायकलींपेक्षा त्या अर्ध्या पानाने जास्त काम केलं असेल. पण सायकली नसत्या तर ते पान घेऊन बोटीत कोण बसलं असतं, हेही आहेच.

रोख देणारे भेटायचेच. वीस, पन्नास, एकदा मासे विकणाऱ्या मावशींनी ओल्या हाताने दिलेले शंभर. त्यासाठी संस्थेने शिक्क्याचं पावतीपुस्तक दिलं होतं. ते दंतवैद्यांच्या पिशवीत असायचं आणि ते वीस रुपयांचीही पावती फाडायचे, कार्बन घालून. पोरं हसायची. मुरूडला रात्री मोजदाद करताना मात्र रुपयाचाही फरक निघाला नाही.

काशीदच्या पुढे अलिबागपर्यंत सुट्टीसाठी आलेल्या गाड्यांनी जीव नकोसा केला. मांडव्याची बोट मिळाली, दुपारी भाऊच्या धक्क्यावर उतरलो. परळला संस्थेच्या दारात नारळ फुटला, चहा झाला. मुलांना भेटायला वर गेलो नाही. घामेजलेली, रस्त्याची धूळ खाल्लेली माणसं काउंट कमी असलेल्या पोरांच्या खोलीत शिरणार कशाला? गॅलरीतून दोघा-तिघांनी सायकलींचे गिअर किती, एवढं मात्र ओरडून विचारलं. उत्तरं पोरांनी खालून दिली, जरा फुगवूनच.

जमले चार लाखांच्या वर. त्यातले निम्मे कबुलीचे होते, ‘किलोमीटरला दहा रुपये’ छापाचे, आणि ते वसूल करण्यात पुढचा महिना गेला. आर्थिक वर्ष संपल्यावर संस्था देणग्यांचं विवरण भरते आणि मे अखेरपर्यंत देणगीदाराला ८० जी च्या वजावटीसाठी लागणारं १० बीई प्रमाणपत्र देते. त्यासाठी मला प्रत्येकाचा पॅन हवा होता. लोक हजार रुपये पटकन देतात. पॅन मागितला की दोन दिवस गप्प होतात.

आमच्या शेजारचे काका, लेखा विभागातून निवृत्त झालेले, त्यांनीही किलोमीटरवर कबूल केलं होतं. त्यांनी जीपीएसची नोंद मागितली, ती चष्मा लावून तपासली आणि विचारलं, ‘बोटीतले किलोमीटर धरलेस?’ घड्याळ बोटीतही चालूच होतं, त्यामुळे धरले गेले होते, मांडवा ते भाऊचा धक्का तर सगळाच. काकांनी पाची बोटींचं अंतर नकाशावर मोजून वजा केलं, उरलेल्याला दराने गुणलं, आणि पॅन सुवाच्य अक्षरात लिहून सगळ्यांच्या आधी पैसे भरले.