लॉजच्या खालची लाँड्री

पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, आजोबांचं नारायण पेठेतलं इस्त्रीचं दुकान गेलं. नवी जागा बघताना त्यांची अट एकच होती, नदीपासून लांब. शुक्रवार पेठेत मंडईच्या मागे एका लॉजच्या तळमजल्यावर गाळा मिळाला आणि वरच्या खोल्यांच्या चादरी-अभ्रे धुवायचं कामही. वाळत घालायला लॉजचीच गच्ची. धंदा उभा राहिला तो या गच्चीमुळे.

तेव्हा लॉजवर उतरायचे ते खरेदीला आलेले व्यापारी, कोर्टाच्या तारखेला आलेले गावाकडचे लोक, ससून हॉस्पिटलमधल्या पेशंटचे नातेवाईक. पुढे महिन्याच्या बोलीवर राहणारे वाढले: एकटे पेन्शनर, खानावळीतले आचारी, कॉट बेसिसवर स्पर्धा परीक्षेची पोरं. मालकांच्या पुढच्या पिढीने दुरुस्तीला पैसा घालणं सोडलं. आम्हाला ते चादरींवरूनच कळत गेलं. आधी बिडीची भोकं, मग ढेकणांचे तपकिरी ठिपके. तो डाग रक्ताचाच. आधी थंड पाण्यात भिजवायचा, मग सोड्यात उकळायचा. थेट गरम पाण्यात टाकला की कायमचा बसला. शेवटी शेवटी लॉजचं गाठोडं आम्ही दुकानात घेतच नव्हतो, बाहेर पायरीवर ठेवायचो. नाहीतर गिऱ्हाइकांच्या साड्यांतून ढेकूण त्यांच्या घरी. म्हणून 'जुनं पुणं गेलं हो' असा गळा काढणाऱ्यांना मी लांबूनच हात जोडतो.

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा देते, तशी एका वर्षी आमच्याही दारावर लागली. मंडईला भुयारी मेट्रोचं स्टेशन होणार, त्यामुळे गल्लीत बिल्डरांच्या फेऱ्या चालूच होत्या. लॉज बंद झाला.

आम्ही जुने भाडेकरू. भाडं इतकं किरकोळ, की महिन्याची चहाची उधारी त्याहून जास्त व्हायची. तरी नव्या इमारतीत गाळा मिळाला. वरच्या मजल्यावरचे एक काका मात्र वीसेक वर्षं एकाच खोलीत, दरमहा आमच्या कितीतरी पट पैसे भरत. त्यांना जागा नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिलंय, पण हॉटेल-लॉजमधली खोली त्यातून वगळली आहे. काकांनी सगळ्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. वकिलाने चाळल्या आणि म्हणाला, प्रत्येकीवर लॉजचंच नाव छापलंय, यावर भाडेकरू कसं म्हणणार? मालकांनी थोडी रक्कम हातावर ठेवली, काका हडपसरला पुतण्याकडे गेले. कायद्यात बसतं म्हणून ते मला पटलेलं नाही, आणि नव्या गाळ्याची किल्ली घेताना मी नाही म्हणालो असंही नाही.

नव्या इमारतीत गच्ची सोसायटीची, आणि भट्टीच्या पाण्याला ड्रेनेजही नाही. त्यामुळे धुणं नऱ्ह्याला शेडमध्ये नेलं, थ्री फेज कनेक्शन घेतलं, ड्रायर बसवले. ऊन फुकट होतं, ड्रायरचं बिल येतं. दर वाढवावेच लागले. पेठेतला गाळा आता नुसता कपडे घ्यायचा-द्यायचा. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून गाळ्यावर नवे चेहरे दिसतात, पण पोट भरतं ते हॉस्टेल आणि पीजीवाल्यांवर. नवं काम घेण्याआधी मी स्वतः जाऊन गाद्यांच्या शिवणी उलटून बघतो. ठिपके दिसले तर आधी पेस्ट कंट्रोल, मग आमचा टेम्पो.