वीजबिल कमी करायचं, पण पंखा बंद न करता

बिल वाढलं की घरातली मोठी माणसं आधी पंखे बंद करत फिरतात. उकाड्यात बसून बचत कशाला? साधा जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचा) पूर्ण वेगात ३० च्या आसपास. रोज १५ तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सुमारे २० युनिट वाचतात, वारा तेवढाच. म्हणून सर्वांत जास्त चालणारा पंखा आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

इथे एक चूक हमखास होते: नवा पंखा जुन्या रेग्युलेटरवरच जोडतात. मग तो गुरगुरतो, मध्येच थांबतो आणि आतलं सर्किट जळू शकतं. वायरमनला रेग्युलेटर काढून थेट बटणावर जोडायला सांगा, वेग रिमोटवर बदलतो. जुना पंखा नुसता मंद झाला असेल, तर बहुतेकदा अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर, म्हणजे मोटर फिरवायला मदत करणारा छोटा भाग, गेलेला असतो. तो अगदी स्वस्तात मिळतो.

गिझर ५० अंशांवर ठेवा, आंघोळीआधी १५ मिनिटं लावा. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर बसतो आणि पाणी तापायला वेळ लागतो, तो वर्षातून एकदा काढून घ्या.