शेवटचे साठ यार्ड: मिसूरीतला स्नो गूजचा आठवडा

स्नो गूज या पांढऱ्या रानहंसांच्या शिकारीत थवे साठ यार्डांवरूनच का परततात, यावर मागच्या नोंदीत इतकी चर्चा झाली, तो गुंता अखेर सुटला. गुरुवारी सकाळी माउंड सिटीजवळच्या मक्याच्या शेतात जे बघितलं, त्यानंतर कारण आवाजातच होतं याबद्दल माझी खात्री पटली आहे. सॉक्समध्ये (वाऱ्याने फुगणारे कापडी नकली पक्षी) नाही, ब्लाइंडमध्ये (आमची लपायची जागा) नाही, रोटरीत (नकली पक्षी गोल फिरवणारं यंत्र) तर नाहीच.

लक्षण तेच जुनं. थवा लांबून स्प्रेड, म्हणजे शेतात मांडलेल्या नकली पक्ष्यांचा पसारा, बघतो, पंख आखडतो, घिरट्या घेत खाली येतो आणि साधारण साठ यार्डांवर काहीतरी बिनसतं. उधळत नाही. नुसता कडेला सरकतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, पुन्हा वर चढतो आणि पलीकडच्या कोवळ्या गव्हात जाऊन बसतो. साठ यार्डांवर स्टीलचे छर्रे मारून पक्षी जखमी करण्यात आम्हा कुणालाच रस नाही. थवा चाळीसच्या आत आल्याशिवाय बंदूक उचलायची नाही हा गटाचा नियम आहे आणि तो बदलणार नाही. त्यामुळे थवा शेवटचं अंतर उतरला नाही, तर आमच्यासाठी तो आलाच नाही.

या वेळी आम्ही चौघं होतो. मी, नागपूरकर, सांगलीकर आणि ऑफिसातला एक आयोवाचा मित्र, ज्याच्या ट्रेलरवर आमचं सगळं चालतं. शेत गेल्या हंगामातलंच, लोएस ब्लफ्स अभयारण्याच्या दक्षिणेला. २०१७ पर्यंत त्याचं नाव स्क्वॉ क्रीक होतं आणि गावातले जुने लोक अजून तेच म्हणतात. फेब्रुवारी-मार्चात बर्फाची रेघ वर सरकते तसे पक्षी तिच्या मागोमाग येतात आणि या पाणथळीत कधी कधी दहा लाखांवर जमतात. रात्रीचा मुक्काम पाण्यावर, सकाळी चरायला आजूबाजूच्या शेतांत. आमचं शेत हे रूस्ट (मुक्कामाची जागा) आणि गव्हाच्या पट्ट्याच्या मधोमध आहे. यापेक्षा चांगली जागा मागून मिळणार नाही. शेतमालक आजोबा दरवर्षी परवानगी देतात, कारण त्यांचा गहूही हे पक्षी मुळापासून ओरबाडतात.

शनिवारी रात्री पोचलो तेव्हा जमीन वितळलेली होती. मिसूरी नदीकाठची ही माती म्हणजे आपली विदर्भातली काळी कापसाची जमीन, बुटाला चिकटली की पाय उचलेना. नागपूरकराला ती बघून भलताच आनंद झाला. पहाटे मात्र पारा १८ फॅरनहाइटवर उतरला, वरचा थर दगडासारखा झाला आणि सॉक्सच्या खुंट्यांसाठी ड्रिलने भोकं पाडावी लागली. हजारभर सॉक्स, थोडे फुल-बॉडी (अख्ख्या शरीराचे नकली पक्षी) पुढच्या कडेला, मध्ये रोटरी. रविवारी वारा चांगला, ऊन स्वच्छ, पक्षी भरपूर, आणि एकेक थवा साठ यार्डांवरून परत.

रविवार ते बुधवार काय काय करून बघितलं ते सविस्तर लिहितो, कारण गेल्या वेळी अनेकांनी हेच उपाय सुचवले होते.

आधी ब्लाइंड. धसकटं नव्याने खोचली, कडांच्या सावल्या मोडल्या. फरक नाही. मग ब्लाइंड सोडून आम्ही स्प्रेडपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या चरात जाऊन पडलो, म्हणजे पक्षी जिथून सरकतात त्याच्या बरोबर खाली. त्याने थोडे पक्षी मिळाले, पण हा प्रश्नाला वळसा झाला, उत्तर नव्हे. शिवाय त्यातून एक गोष्ट उलट सिद्ध झाली. स्प्रेडमध्ये माणूसच नसताना थवा त्याच जागी, त्याच उंचीवर सरकत होता. म्हणजे बिथरवणारी वस्तू आम्ही नव्हतो.

मग सॉक्सची चमक. दव गोठलं की कापड चकाकतं, हे खरं आहे. ऊन चढल्यावर झाडून कोरडे केले. फरक नाही. स्प्रेडची घडण बदलली, मध्ये उतरायला मोठी मोकळी गल्ली सोडली. थवा गल्लीकडे बघून आला आणि तिच्या तोंडाशीच सरकला. रोटरी बंद करून बघितली, तेव्हा तर दोनशे यार्डांच्या आतही येईनात. रोटरी तिचं काम चोख करत होती.

बुधवारी दुपारी पक्षी पाण्यावर परतल्यावर नागपूरकर म्हणाला, "आपण सगळे स्पीकरच्या मागं झोपतो बे. पक्ष्याला काय ऐकू येते ते आपण कधी ऐकलं का?" तो खाली साठ यार्डांवर जाऊन धसकटांत आडवा पडला आणि आम्ही ई-कॉलर (पक्ष्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवणारं यंत्र) नेहमीच्या आवाजावर लावला. पाच मिनिटांत कानावर हात ठेवून उठला. मग मी जाऊन पडलो. ब्लाइंडमधून भरघोस वाटणारा तो कलकलाट तिथे पत्र्यासारखा खरखरत होता. फीडिंग चॅटरची, म्हणजे चरतानाच्या कलकलाटाची, जी खालची, पुटपुटल्यासारखी कुजबुज असते ती गायब, आणि वरच्या हाका फाटलेल्या. फोनवर रेकॉर्ड करून लहरी मोठ्या करून बघितल्या, तर प्रत्येक मोठ्या हाकेचा माथा सपाट कापलेला. ॲम्प (आवाज वाढवणारा भाग) क्लिप होत होता.

सांगलीकराने मल्टिमीटर काढला. बॅटरीच्या टोकांवर १२.१ व्होल्ट. ॲम्पच्या टोकांवर, आवाज चढा असताना, ९.८. मधल्या पन्नास फूट तारेत दोन व्होल्टहून जास्त गळती! बॅटरी आम्ही मुद्दाम ब्लाइंडपाशी ठेवतो, म्हणजे ती बदलायला उजेडात स्प्रेडमध्ये चालत जावं लागत नाही. त्यासाठीच ही जाड तार शुद्ध तांब्याची म्हणून ऑनलाइन मागवली होती. आता चाकूने तिचा एक तंतू खरवडला. लालसर पापुद्रा निघाला आणि आत चांदीसारखं पांढरं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६० टक्के, आणि वेष्टण सोलल्यावर आतली तार छापील जाडीपेक्षा बारीकच निघाली. विक्रेत्याचं नाव इथे लिहीत नाही, पण सगळ्यांना कळकळीने सांगतो: रीळ हातात आलं की आधी एक तंतू खरवडून बघा आणि वजन करा. खरं तांबं हाताला जड लागतं.

त्यात थंडीने लेड-ॲसिड बॅटरी आधीच दमलेली. व्होल्टेज पडलं की ॲम्पला मोठा आवाज पेलत नाही, तो माथे कापतो, आणि हॉर्न स्पीकर ती खरखर सरळ समोर फेकतो. आमचे चारही हॉर्न वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे येणाऱ्या थव्याच्या थेट तोंडावर रोखलेले. लांबून वारा आणि अंतर ती खरखर गाळून टाकतात, म्हणून दोनशे यार्डांवर सगळं ठीक. जवळ आल्यावर ती कानात शिरते.

बुधवारी संध्याकाळीच बदल केले. सांगलीकराच्या मासेमारीच्या कयाकमधली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी काढली. ही भार पडला तरी १३ च्या आसपास टिकून राहते आणि दिवसभर पुरते, म्हणजे मध्येच बदलायचा प्रश्नच नाही. गोठणबिंदूखाली ती चार्ज करायची नसते, एवढं पथ्य. चार्जिंग मोटेलच्या खोलीत. बॅटरी डब्यात घालून ॲम्पच्या शेजारीच ठेवली, मध्ये हातभर जाड तार. दोन हॉर्न आकाशाकडे वळवले, दोन वाऱ्याच्या वरच्या अंगाला. आणि ठरवलं की थवा शंभर यार्डांच्या आत आला की रिमोटने आवाज निम्म्यावर आणायचा.

गुरुवारी उजाडल्यावर पहिला मोठा थवा दक्षिणेकडून आला. घिरटी घातली, मी आवाज उतरवला, आणि ते आलेच. साठ, पन्नास, चाळीस. वरचे पक्षी खालच्यांना ढकलल्यासारखे गोल फिरत खाली येऊ लागले, पाय सोडलेले, पंखांची काळी टोकं एकमेकांत अडकतील असं वाटावं. खरा टॉर्नेडो! याआधी मी तो फक्त इतरांच्या वर्णनात वाचला होता. आयोवाकराने इशारा केला तेव्हा सगळ्यात जवळचा पक्षी माझ्या बुटांपासून वीसेक पावलांवर होता. आम्ही चौघं उठलो. पुढच्या दोन तासांत मागच्या अख्ख्या आठवड्यापेक्षा जास्त पक्षी मिळाले, आणि जवळजवळ सगळे तीस यार्डांच्या आत, जागच्या जागी. जखमी होऊन निसटलेला एकही दिसला नाही, याचा आनंद मला आकड्यापेक्षा मोठा आहे.

पण गुरुवारी वाराही दक्षिणेचा झाला होता. अशा वाऱ्यावर नवे पक्षी खालून वर येतात आणि नवे पक्षी भोळे असतात. म्हणून शुक्रवारी आळीपाळीने बघितलं: काही थवे जुन्या बॅटरी-तारेवर, काही नव्या जोडणीवर; शेत, वारा, सॉक्स सगळं तेच. जुन्यावर थवे पुन्हा त्याच साठ यार्डांवरून सरकले. नव्यावर बहुतेक उतरले. यापुढे मला कुणी "अजून पाचशे सॉक्स घे" म्हटलं तरी मी ऐकणार नाही.

यामागे मोठं कारण आहे असं मला वाटतं. १९९९ साली कॉन्झर्व्हेशन ऑर्डर, म्हणजे वसंतातल्या जादा शिकारीची मुभा, लागू झाली ती या पक्ष्यांची संख्या बेसुमार वाढल्यामुळे. शेतात पडून राहिलेला मका, तांदूळ, कोवळा गहू खाऊन हिवाळा सोपा झाला, आणि कॅनडातल्या हडसन बेच्या काठावर, चर्चिलजवळच्या ला पेरूज बेसारख्या ठिकाणी त्यांनी गवत मुळासकट उपटून खाल्लं. उघडी पडलेली जमीन खारी होते आणि मग तिथे काही उगवत नाही. म्हणून वसंतात ई-कॉलर चालतो, बंदुकीतला प्लग (काडतुसांची संख्या मर्यादित ठेवणारा अडसर) काढता येतो, रोजची मर्यादा नाही, सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार करता येते. नेहमीच्या हंगामात यातलं काहीच चालत नाही. पण इतक्या वर्षांत जे पक्षी जगले ते ई-कॉलर ऐकत जगले, आणि अलीकडे उत्तरेत पिल्लं कमी वाचत असल्याने थव्यात म्हाताऱ्यांचा भरणा जास्त. करड्या ज्युवी (गेल्या वर्षीची पिल्लं) या आठवड्यात मोजक्याच दिसल्या.

याचा पुरावा नागपूरकराला मिळाला. शुक्रवारी त्याने उचललेल्या एका निळ्या पक्ष्याच्या (स्नो गूजचाच गडद रंगाचा प्रकार) पायात बँड, म्हणजे ओळखीची कडी! ॲल्युमिनियमची ती कडी इतकी झिजलेली की आकडे वाचायला नखाने माती काढावी लागली. मोटेलवर आल्या आल्या नोंद केली, लगेच माहिती आली: २०१३ साली कॅनडातल्या नुनावुतमध्ये, कॅराक लेकच्या भागात बँड केलेला, आणि तेव्हाच पूर्ण वाढलेला. दहा वर्षांहून जास्त काळ दरवर्षी हा पक्षी आर्क्टिक ते मेक्सिकोच्या आखातापर्यंत ये-जा करत होता. त्याचं पांढरं डोकं चिखलातल्या लोहाने गंजाच्या रंगाचं झालं होतं, आणि चोचीच्या कडेची ती काळी पट्टी, जिच्यामुळे स्नो गूज हसल्यासारखा दिसतो, ती ठसठशीत. अशा पक्ष्याला फाटक्या आवाजाने फसवता येत नाही. आम्हाला एक रॉसही (स्नो गूजसारखाच दुसरा रानहंस) मिळाला. आकाराने लहान, आखूड चोच आणि ती काळी पट्टी नाही. हातात घेतला की ओळखायला वेळ लागत नाही.

पाण्याच्या कडेला मान वाकडी करून गोल फिरणारा एक आजारी पक्षी दिसला. बर्ड फ्लूच्या साथीनंतर अशा पक्ष्याला हात लावायचा नाही, कुत्र्याला जाऊ द्यायचं नाही. साफ करताना हातमोजे, आणि मांस आतून १६५ फॅरनहाइटपर्यंत शिजलंच पाहिजे.

शिजवण्याबद्दल: स्नो गूज बेचव असतो असं म्हणणाऱ्यांनी तो नीट शिजवलेला नाही. छातीचं मांस गडद लाल, ते रात्रभर दही-आलं-लसणात मुरवून खिमा केला. पाय वेगळे काढून कुकरला लावले आणि नागपूरकराने सावजी रस्सा केला, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल सगळं घरून बांधून आणलेलं. आयोवाकर तिसऱ्यांदा भाकरी मागत होता. पाय टाकून देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, रस्सा करून बघा.

आता पुढचं. पुढच्या हंगामासाठी चारही हॉर्न नव्याने, खऱ्या तांब्याच्या तारेने जोडायचे असं ठरवून मी हे लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. चार मोठे हॉर्न हवेतच कशाला? खऱ्या चरणाऱ्या थव्याचा आवाज चार ठिकाणांहून येत नाही, तो सगळ्या शेतातून येतो. आठ-दहा छोटे स्पीकर, प्रत्येकाला स्वतःची लहान बॅटरी आणि वेगळं रेकॉर्डिंग, सॉक्सच्या मध्ये जमिनीवर पसरलेले. मोठा हॉर्न एकच, लांबचा थवा वळवण्यापुरता, आणि थवा वळला की तो पूर्ण बंद. लांब तार गेली, क्लिपिंग गेलं, एकाच लूपची पुनरावृत्तीही गेली. कोवळ्या गव्हात खऱ्या थव्याचं रेकॉर्डिंग मी गुरुवारी संध्याकाळी रस्त्याकडेला उभं राहून केलंच आहे.

त्यासाठी दोनशे सॉक्स विकायला काढतोय, चांगल्या स्थितीतले, खुंट्यांसकट. कॅन्सस सिटीच्या आसपास कुणाला हवे असतील तर सांगा. कॅनडातल्या सस्कॅचेवानला जायचा बेत पुढे ढकलला. त्याऐवजी एप्रिलात साउथ डकोटाला जाऊ, ज्युवी मागून येतात तेव्हा, म्हणजे छोट्या स्पीकरांची चाचणी या वर्षीच होईल. बॅटरीचा वाटा किती आणि तारेचा किती, हे त्याआधी गॅरेजमध्ये वेगवेगळं मोजून आकडे इथेच टाकतो.