तुम्ही विचारलंत म्हणून: उंच केसाळ प्राण्याचे पाय

मी उंच, केसाळ प्राण्यांचे कॉश्च्युम बनवते हे कळलं की पहिला प्रश्न डोक्याबद्दल येईल असं कुणालाही वाटेल, कारण चेहरा तिथे असतो, डोळे तिथे असतात. पण येतो तो पायांबद्दल. आत स्टिल्ट, म्हणजे उंची वाढवायला पायांना बांधतात त्या काठ्या किंवा उंच ठोकळे असतात का, आणि असतील तर आतला माणूस पडत कसा नाही? आणि ज्यांना स्वतःला बनवायचं असतं त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, मला आठ फुटी प्राणी करायचाय, तर किती उंच स्टिल्ट घेऊ? दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देते, आज सलग लिहिते.

माझं उत्तर असं की पाय उंच करायच्या आधी पाय मोठा करा. उंची नंतर बघू. पंजा किती रुंद आहे, तळ कसा आहे आणि तुमचा घोटा आत किती घट्ट धरलाय यावर सगळं ठरतं, आणि केसाळ प्राण्याच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे कारण त्याला मोठा पंजा शोभतोच.

आधी उंचीचा हट्ट बाजूला ठेवूया. पडद्यावरचे जे गाजलेले केसाळ उंच प्राणी आपल्या डोक्यात बसलेत त्यातला ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतला चुबाका पहिल्यांदा साकारला पीटर मेह्यू यांनी, आणि त्यांची स्वतःची उंची होती ७ फूट ३ इंच. १९८७ सालच्या ‘हॅरी अँड द हेंडरसन्स’ सिनेमातला हॅरी साकारणारे केविन पीटर हॉल हेही सात फुटांच्या वरचेच. म्हणजे उंची त्या माणसांचीच होती, आणि तीही सगळ्या अंगात वाटलेली, गुडघा गुडघ्याच्या जागी, हात हाताच्या लांबीचे. आपण साडेपाच-पावणेसहा फुटी माणसं जेव्हा खालून एकदम दीड फूट जोडतो तेव्हा ते सगळं गुडघ्याच्या खाली जमा होतं, नडगी लांबलचक, गुडघा भलत्याच उंचीवर आणि हात मात्र तेवढेच, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता आलं नाही तरी हा प्राणी नसून काहीतरी चढवून उभा राहिलेला माणूस आहे हे लगेच कळतं. म्हणून मी पायातून १५ ते २० सेंटिमीटर घेते, त्याहून जास्त नाही. बाकीची उंची डोक्यातून काढायची, म्हणजे प्राण्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या वर बसवून तुम्ही त्याच्या तोंडातून किंवा मानेतून बघायचं, त्यात आरामात १०-१५ सेंटिमीटर मिळतात आणि ते मिळवताना कुणी पडत नाही.

आता बाजारात किंवा इंटरनेटवर जे प्रकार दिसतात त्याबद्दल. खुंटीसारख्या एका टोकावर टेकणाऱ्या स्टिल्टवर तुम्हाला स्थिर उभंच राहता येत नाही, सारखी पावलं हलवत राहावी लागतात, आणि एका जागी शांत उभं राहून मान वळवणारा प्राणी करायचा असेल तर तो प्रकार बादच. उड्या मारायच्या स्प्रिंगवाल्यांचंही तेच. छताचं काम करणारे कारागीर वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्टिल्ट बऱ्याच बऱ्या, त्यांना तळ असतो, पाय पुढेमागे हलतो, पण त्या सपाट, मोकळ्या जमिनीवर काम करायला बनवलेल्या आहेत, बहुतेकांची उंची दीड फुटाच्या आसपास सुरू होते आणि जोडीचं वजन सहा-सात किलो होतं. गर्दीत, फरच्या आत, स्वतःची पावलं दिसत नसताना मी कुणाला त्यावर चढवणार नाही. अनुभवी स्टिल्टवाले चढतात, त्यांचा तो वर्षानुवर्षांचा सराव आहे, त्यांना माझा नमस्कार.

मग उरतो आपला प्रकार. घोट्याच्या वर जाणारा, लेसवाला दणकट बूट घ्यायचा, त्याच्याखाली ठोकळा पक्का बसवायचा आणि त्या सगळ्यावर पंजाचा आकार चढवायचा. दिसायला स्टिल्टसारखं, पण पायाला तो बूटच वाटला पाहिजे.

घोट्याचं गणित सांगते कारण ते कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. अनवाणी उभं असताना घोट्याचा सांधा जमिनीपासून साधारण ८ सेंटिमीटरवर असतो. खाली २० चा ठोकळा आला की तो गेला २८ वर. आता पाय खड्ड्याच्या कडेवर पडला किंवा कुणी बाजूनं ढकललं तर जमिनीकडून येणारा तोच आडवा धक्का घोट्याला पिळताना साडेतीनपट जोर लावतो, कारण दांडी तेवढी लांब झाली. घोटा पुढेमागे चांगला मजबूत असतो, आडवा तो कच्चा आणि मुरगळतो तोही आडवाच. म्हणून दोन गोष्टी. एक, बूट घोट्याच्या वर पोटरीपर्यंत पकडणारा हवा, लेस पूर्ण वरपर्यंत आवळलेली, वरून एक रुंद पट्टा. दुसरी, ठोकळा सरळ खाली जाता कामा नये, खाली रुंद होत गेला पाहिजे. माझा स्वतःचा नियम आहे की ठोकळ्याची उंची तळाच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. १५ उंच तर तळ कमीत कमी १५ रुंद. आणि हा पसारा बाहेरच्या बाजूला जास्त, आतल्या बाजूला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर, नाहीतर चालताना एक पंजा दुसऱ्यावर घासतो आणि पाय फाकवून चालावं लागतं, जे फरमधून फार वाईट दिसतं.

इथेच प्राणी आपल्या मदतीला येतो. कुत्री, मांजरं बोटांवर चालतात, त्यांच्या मागच्या पायात जो उलटा वाकलेला गुडघा दिसतो तो गुडघा नसतोच, ती टाच असते, हवेत उचललेली. अस्वल मात्र आपल्यासारखा पूर्ण तळवा टेकतं. त्यामुळे दोन पायांवर उभा राहणारा धिप्पाड केसाळ प्राणी अस्वलाच्या पंजाचा असणं एकदम पटण्यासारखं आहे, रुंद, जाड, पुढे बोटांचे फुगवटे, आणि त्या रुंदपणातच आपला तळ लपतो. कुणाला शंकाही येत नाही की ती रुंदी तोल सांभाळायला दिलीय.

आणि ज्यांना लांडग्यासारखा उलट्या गुडघ्याचा पायच हवा असतो त्यांना मी सांगते की साधे बूट घाला आणि मांडीच्या पुढे आणि पोटरीच्या मागे फोमचे पॅड लावून तो वळणदार आकार फक्त दाखवा. टाच उचलून चवड्यावर उभं करणाऱ्या स्टिल्ट बनवतात लोक, दिसतातही सुंदर, पण सगळा भार चवड्यावर येतो आणि टाचेची शीर आखडते, आणि पॅडिंगनं लांबून नव्वद टक्के तेच दिसत असेल तर पायावर एवढा अत्याचार कशाला.

ठोकळा कशाचा, हा पुढचा प्रश्न. लाकडाचा नको, आणि मुद्दा नुसता जड आहे एवढाच नाहीये, जडपणा कुठे आहे हा आहे. पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावं लागतं, त्यामुळे चालताना तेच वजन पाठीवर असण्यापेक्षा साधारण चार ते सहा पट जास्त दमवतं, सैनिकांच्या बुटांच्या निमित्तानं हे मोजलेलं आहे. आता ३५ लांब, १५ रुंद, १५ उंच ठोकळा धरा, जवळपास ८ लिटर. प्लायवूडचा केला तर एका पायाला साडेचार-पाच किलो. ईव्हीए फोमचा, घनमीटरला शंभर किलोवाला धरला, तर पाऊण किलोच्या आसपास. जिमच्या फरशीवर टाकतात ते जाड मॅट म्हणजे ईव्हीएच, त्याचे थर एकावर एक चिकटवत जायचे. जेवढा घट्ट मिळेल तेवढा घ्या, बोटानं दाबून खोल जाणारा मऊ फोम घेऊ नका, तो एका बाजूला दबतो आणि तळ कलता होतो. बुटाच्या लगेच खाली आणि मधे एकदा असे पातळ प्लायवूडचे थर घालते मी, म्हणजे भार पूर्ण ठोकळ्यावर पसरतो, आणि वरचा थर बुटाच्या सोलमधून आतून स्क्रू मारून पक्का करते, स्क्रूच्या डोक्यावर जाड इनसोल. नुसत्या गोंदावर बूट ठेवायचा नाही, काहीही झालं तरी नाही.

गोंद म्हणजे चपला-बुटांना लावतात तो कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह, दोन्ही बाजूंना लावायचा, वाळून बोटाला जेमतेम चिकट लागेल एवढं थांबायचं आणि मग एकदाच, बरोबर जागेवर दाबायचं, कारण एकदा टेकलं की हलत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, त्याचा वास म्हणजे सॉल्व्हंट असतं, डोकं धरतं. आणि कुणी हलकं म्हणून थर्माकोल किंवा इन्सुलेशनचं निळं-गुलाबी फोम वापरणार असेल तर हा गोंद लावू नका, तो पॉलिस्टायरीनला खातो, आत पोकळ्या होतात आणि वरून दिसतही नाहीत. फोम घासताना मास्क लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त राहून जाणारा भाग, तळाचा वाक. आपण चालतो तेव्हा पाऊल टाचेवर पडतं, मग पुढे घरंगळतं आणि शेवटी बोटांच्या सांध्यात वाकून सुटतं. १५ सेंटिमीटरचा ठोकळा वाकणार नाही. तळ पूर्ण सपाट ठेवला तर पाऊल फळीसारखं थपकन पडतं, पुढची कड अडकते, आणि माणूस अडखळून पुढे जातो किंवा गुडघे उचलउचलून चालतो. म्हणून तळ पुढून वर वळवायचा. वळण चवड्याच्या थोडं आधी सुरू करायचं, टाचेपासून मोजलं तर लांबीच्या साधारण साठ टक्क्यांवर, आणि टोकाला दोन-तीन सेंटिमीटर उचललेलं. टाचेची मागची कडही थोडी गोल. मधला भाग मात्र सपाटच, नाहीतर उभं राहता येणार नाही. मोठी बोटं जी पुढे आलेली असतात ती जमिनीला टेकवू नका, मऊ फोमची करा, अधांतरी, अडकली तर वाकतील. एवढ्यानं चाल बदलते हो, अगदी खरंच, तोच ठोकळा आणि तोच माणूस एकदम एखाद्या जनावरासारखा डुलत, वजनदार पावलं टाकत चालायला लागतो.

तळाला रबर. ईव्हीए तसाच ठेवला तर गुळगुळीत ओल्या फरशीवर घसरतो, म्हणून खाचा असलेलं बुटाच्या सोलचं रबरशीट पूर्ण तळाला. फर तळाखाली अजिबात न्यायची नाही. लांब केसांची फर जमिनीपासून बोटभर वर संपवा, नाहीतर स्वतःच्याच केसांवर पाय पडतो. कापताना मागून फक्त कापड ब्लेडनं चिरायचं, कात्री मारली की केस अर्ध्यातून जातात आणि सांधा दिसतो. पंजावर आखूड फर आणि नडगीवरून खाली पडणारी लांब, म्हणजे बूट जिथे ठोकळ्याला मिळतो ती जागा झाकली जाते. आणि पायाची पँट कंबरेला जेवढी खाली आणता येईल तेवढी आणा, गुडघ्याच्या जागी फरचा झोल राहू द्या, मग गुडघा नेमका कुठे आहे ते डोळ्याला सापडत नाही आणि ती आधी सांगितलेली लांब नडगीची अडचण बरीचशी सुटते.

पडत कसे नाही, याचं उरलेलं उत्तर चालण्यात आहे. आधी नुसते ठोकळे घालून भिंतीच्या बाजूनं चाला, मग डोकं घालून चाला, कारण डोकं घातलं की खालची जमीन दिसणं बंद होतं आणि तोल डोळ्यांवरही असतो हे तेव्हा समजतं. जिना टाळाच, टाळता येत नसेल तर ठोकळे काढून चढा, म्हणूनच पंजाला मागून चेन असावी आणि बूट आतल्या आत पटकन सोडता यावा. बरोबर एक माणूस कायम हवा, जो जमीन बघेल, तुमच्या कोपराला हात लावून पायरी आली, वायर आहे, मागे मूल आहे असं सांगेल.

आणि मुलं. मुलं धावत येतात आणि मिठी मारतात, थेट गुडघ्यांना, आणि त्यांचं सगळं वजन नेमकं बाजूनं येतं, जिथे घोटा कच्चा. ती मिठी नाकारायची नाही, त्या मिठीसाठीच तर एवढा खटाटोप. मूल येताना दिसलं किंवा सोबत्यानं सांगितलं की एक पाऊल अर्धं मागे आणि थोडं बाहेर टाका, गुडघे किंचित सैल सोडा आणि मग हात पसरा. खाली वाकू नका. वाकायचंच असेल तर सोबत्याचा खांदा धरून एक गुडघा टेकवून बसा, उठताना पुन्हा त्याचाच आधार.

वापरून झाल्यावर बूट आतून वाळवा, घामानं इनसोल कुजतं. आणि पुढच्या वेळी घालायच्या आधी प्रत्येक थराच्या कडेला अंगठा लावून जोरात फाकवून बघा. कुठे केसभर जरी फट उघडली तरी तो पाय त्या दिवशी घालू नका, थर पूर्ण सोडवा, जुना गोंद घासा आणि नव्यानं चिकटवा.