दहा मिनिटांची शांतता

"उतरता उतरता इंजिनं एकदम गरजली, विमान पुन्हा वर गेलं आणि पुढची दहा मिनिटं कुणी काही बोललंच नाही. आत काय चाललेलं असतं हो?" निवृत्त वैमानिक म्हटलं की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी विमान उडवायचं, मग कुठे जायचं ते बघायचं, मग बोलायचं. तुमचा नंबर शेवटी लागतो, तोही कंट्रोल टॉवरनंतर.

माझ्यावर एकदा ही वेळ आली. चाकं खाली घेतली. चाक खाली येऊन पक्कं बसलं की त्याचा हिरवा दिवा लागतो; तीन दिव्यांपैकी उजवीकडचा लागेना. विमान सहवैमानिक चालवत होती. गो-अराउंड केलं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर गेलो, घिरट्या सुरू केल्या आणि तिला म्हणालो, "तू फक्त विमान बघ, दिव्याचं मी बघतो."

हे वाक्य फार महागात शिकलेलं आहे. 29 डिसेंबर 1972 ला ईस्टर्न एअर लाइन्सचं 401 हे विमान मायामीला उतरत होतं. पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही. सगळे त्या दिव्यात गुंतले, ऑटोपायलटनं उंची सोडल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि विमान दलदलीत कोसळलं. 101 माणसं गेली. चाक नीट खाली आलेलं होतं, बल्ब तेवढा गेला होता. आजही हे सांगताना मला त्रास होतो.

सहा वर्षांनी, 28 डिसेंबर 1978 ला, युनायटेड एअरलाइन्सचं 173 हे विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ चाकांच्याच शंकेपायी तासभर फिरत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. इंधन कमी होतंय हे फ्लाइट इंजिनियर सांगत होता, पण ठासून नाही. कनिष्ठानं स्पष्ट बोलायचं आणि कॅप्टननं ऐकायचं, हे त्यानंतर वैमानिकांना रीतसर शिकवायला लागले.

म्हणून त्या दिवशी मी चेकलिस्ट वाचत असताना माझी सहवैमानिक मध्येच, न विचारता म्हणाली, "सर, अजून वीस मिनिटं थांबू शकतो, त्याहून जास्त नाही." मला फार बरं वाटलं.

हायड्रॉलिक दाब बाजूला ठेवून चाकांची कुलपं सोडवली, म्हणजे चाकं आपल्याच वजनानं खाली येतात. आली. तिसरा दिवा लागला. तिनं बघितला, मी बघितला, दोघांनी मोठ्यानं म्हटलं. टॉवरला कळवलं, केबिन क्रूला सांगितलं.

मग मी तुमच्यासाठी माईक उचलला.